राल्फ सॅम्युएल्सन : पाण्यावर उतरण्याची विद्या

अपयश ही यशाची पहिली पायरी होय, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. त्या वाक्याविषयी माझ्या मनात बरीच वर्षे एक शंका आहे. दहा वेळा पडलेला माणूस अकराव्या वेळी उभा राहतोच, असा अनुभव नाही. पुष्कळदा तो अकराव्या वेळीही त्याच जागी आणि त्याच चुकीने पडतो, आणि मग नशिबाला बोल लावून घरी जातो. नुसत्या पडण्याची पायरी होत नाही. आपण का पडलो हे कळले आणि पुढच्या खेपेस नेमके तेवढेच बदलले, तर मात्र ती होते. हा फरक ज्याच्या आयुष्यात मला फार स्पष्ट दिसला, त्या राल्फ सॅम्युएल्सनची हकिकत येथे सांगावयाची आहे.

राल्फ हा वॉटर स्कीइंग या खेळाचा जनक. आपल्याकडे हा खेळ खेळण्यापेक्षा सिनेमात पाहिलेलाच अधिक. यांत्रिक बोटीला मागे लांब दोरी बांधलेली असते. तिच्या टोकाची मूठ धरून, पायांत लांब फळ्या अडकवलेला खेळाडू पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जातो. स्पर्धेत याचे तीन प्रकार असतात. बोयांना वळसे घालीत जाणे हा पहिला, कसरती हा दुसरा आणि उडी हा तिसरा. उडीसाठी पाण्यात एक कलता मंच तरंगत ठेवतात. त्याला रॅम्प म्हणतात. त्याचे एक टोक पाण्याखाली आणि दुसरे पाण्याच्या वर पाच ते सहा फूट असते. खेळाडू वेगाने येऊन रॅम्पवर चढतो, वरच्या टोकावरून हवेत जातो आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा पाण्यावर उतरतो. नियम असा की, नुसते दूर जाऊन पडल्यास काही मिळत नाही. उतरल्यावर तोल सावरून तो पुढे घसरत गेला, तरच ती उडी मोजली जाते. म्हणजे उडीची किंमत उतरण्यावर ठरते. हा खेळ पाण्यावर प्रथम आणणारा आणि त्यातली पहिली उडी मारणारा माणूस एकच, तो म्हणजे राल्फ.

त्याचा जन्म ३ जुलै १९०३ चा. अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी लेक सिटी नावाचे लहानसे गाव आहे. तेथून पुढे मिसिसिपीला विस्कॉन्सिनच्या बाजूने चिपेवा नदी येऊन मिळते. या नदीने आणलेल्या वाळूचा नैसर्गिक बांध पडल्यामुळे मुख्य नदीचे पात्र त्याच्या वरच्या अंगाला फुगून एक लांबट सरोवर तयार झाले आहे. हेच पेपिन सरोवर. लांबी सुमारे २२ मैल, रुंदी जास्तीत जास्त दोन मैलांच्या आसपास. दोन्ही काठांना उंच कडे असल्यामुळे दिसायला ते रम्य, पण वाऱ्याच्या बाबतीत बेभरवशाचे. राल्फच्या जन्माच्या तेरा वर्षे आधी, १८९० च्या जुलैत, याच पाण्यात सी विंग नावाची उतारूंची बोट वादळात उलटून ९८ माणसे बुडाली होती. काठावरच्या माणसांना पाण्याची ओढ होती, तसा धाकही होता.

राल्फच्या लहानपणी या सरोवरातून शिंपले काढून त्यांची बटणे करण्याचा धंदा जोरात होता. पाणी, होड्या, दोऱ्या, इंजिने यांतच काठावरची मुले वाढत. त्याचा थोरला भाऊ बेन याच्याकडे कामाची एक बोट होती आणि तिला सॅक्सन मोटारगाडीचे इंजिन बसवलेले होते. शर्यतीची बोट नव्हे ती. फार तर ताशी १५-२० मैल वेग गाठणारी, साधी, दणकट बोट. सगळी कथा घडली ती या बोटीच्या मागे.

मिनेसोटात हिवाळा दीर्घ आणि बर्फाचा. नॉर्वे-स्वीडनमधून आलेल्या लोकांनी बर्फावर स्कीने घसरण्याची विद्या तेथे आणली होती. उन्हाळ्यात सरोवरावर दुसरा एक खेळ चाले. बोटीला एक रुंद फळी बांधून तीवर उभे राहायचे आणि बोट नेईल तिकडे जायचे. या खेळात फळी बोटीला जखडलेली असे; स्वाराने फक्त तोल सांभाळायचा. राल्फला दोन्ही ठाऊक होते. बर्फावरून माणूस पायांतल्या फळ्यांवर घसरतो, तर पाण्यावरून का घसरू नये, असा प्रश्न त्याला पडला. दोरी फळीला न बांधता माणसाच्या हातात द्यायची आणि फळ्या पायांत अडकवायच्या, एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकाने फळीवरच्या ओझ्याचा खेळाडू होणार होता.

१९२२ चा उन्हाळा. राल्फचे वय अठरा. त्याने प्रथम पिंपाच्या बाकदार पट्ट्या पायांना बांधून पाहिल्या. त्यांनी वजन पेलले नाही. मग बर्फावरच्या स्की पाण्यात नेल्या. त्या अरुंद असल्याने तेही जमले नाही. बर्फ घट्ट असते, तेथे अरुंद फळी चालते. पाणी हटते, तेव्हा तेथे जागा जास्त व्यापली पाहिजे, हे या दोन प्रयत्नांतून त्याच्या ध्यानात आले. मग त्याने पाइन लाकडाच्या दोन फळ्या आणल्या. प्रत्येकी आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, किंमत एक डॉलरला एक. आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात टोके मऊ करून ती त्याने वर वाकवली आणि आवळून ठेवून वाळू दिली. मध्यावर पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोरी म्हणून खिडकीची तावदाने वरखाली करण्यासाठी वापरतात ती मजबूत दोरी घेतली आणि हातात धरायला टोकाला लोखंडी कडे बसवले. प्रयोगशाळेत जाऊन केलेले यात काही नाही. घरात, सुताराकडे आणि लोहाराकडे जे मिळेल त्यावरच सारे उभे राहिले.

जून महिन्याच्या २८ तारखेला प्रयोग सुरू झाले. बेन बोट चालवी आणि राल्फ दोरीला धरून पाण्यात असे. बोटीने ओढ घेतली की फळ्यांची टोके पाण्यात घुसत आणि राल्फ पुढे कोलमडे. पुन्हा दोरी गोळा करायची, पुन्हा बोट वळवायची, पुन्हा तेच. एक दिवस गेला, दोन गेले. काठावर पाहणाऱ्यांना हे वेडच वाटले असणार. पण राल्फ प्रत्येक वेळी काहीतरी निराळे करून पाहत होता. कधी पायांची ठेवण बदलायची, कधी सुरुवातीची बैठक. अखेर २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यात मागे रेलला, गुडघे जवळ घेतले आणि फळ्यांची टोके पाण्याबाहेर वर राहतील असे धरले. बोटीने ओढ घेतली, तसा तो पाण्यातून उठून उभा राहिला आणि फळ्यांवर घसरत निघाला. माणूस वॉटर स्कीवर उभा राहिला तो त्या दिवशी.

मागे रेलल्याने काय साधले, हे पाहण्याजोगे आहे. फळी पाण्याला समांतर असली आणि तिचे टोक जरासे खाली गेले, की येणारे पाणी फळीच्या वरच्या अंगावर चढते आणि तिला आणखी खाली दाबते. टोक वर असले, की तेच पाणी फळीच्या तळावर आदळून खाली वळते आणि फळीला वर उचलते. हा उचलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यामुळे प्रारंभीचे दोन-चार सेकंद काय ते अवघड. तेवढ्यात टोके वर राहिली की पुढे पाणी स्वतःच माणसाला उचलून धरते. भीती वाटली की माणूस स्वाभाविकपणे पुढे झुकून लवकर उभा राहू पाहतो, आणि येथे नेमके तेच त्याला बुडवते. राल्फला शरीराची ही नैसर्गिक सवय मोडावी लागली. आजही नवशिक्याला पहिला धडा हाच देतात : मागे रेला, गुडघे छातीशी घ्या, टोके वर ठेवा आणि बोटीला तुम्हाला उचलू द्या.

पुढची तीन वर्षे राल्फ वळणे घेण्याची आणि बोटीमागे उठणारी लाट ओलांडण्याची विद्या शिकत राहिला. ही लाट ओलांडताना फळ्या क्षणभर पाणी सोडत. यातूनच पुढचा विचार आला असावा, असे मला वाटते. क्षणभर पाणी सोडता येते, तर अधिक वेळ का नाही? लेक सिटीच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांनी सूर मारण्यासाठी एक तरंगता मंच होता, सुमारे चार फूट रुंद आणि सोळा फूट लांब. त्याचे एक टोक पाण्यात बुडवून दुसरे वर ठेवले आणि जगातला पहिला रॅम्प तयार झाला. तारीख ८ जुलै १९२५.

पहिला प्रयत्न फसला. मंचाचे लाकूड कोरडे होते. पाण्यावरून सुळकन आलेल्या फळ्या कोरड्या लाकडावर चढताच धरल्यासारख्या अडकल्या. पाय थांबले आणि धड मात्र बोटीच्या वेगाने पुढे गेले. मोटार एकाएकी थांबली की आत उभा असलेला माणूस पुढे फेकला जातो, तशातलाच हा प्रकार. याच ठिकाणी मला राल्फचे वेगळेपण दिसते. पडल्यावर एखाद्याने निष्कर्ष काढला असता की उडी मारणे अशक्य आहे. दुसरा एखादा म्हणाला असता की आपले धैर्य कमी पडले, आता अधिक वेगाने जाऊ. आणि तो अधिक जोरात आपटला असता. राल्फने पाहिले की दोष धैर्यात नाही, लाकडात आहे. त्याने मंचाला डुकराची चरबी चोपडली आणि पुन्हा आला. या वेळी फळ्या मंचावरून सरकत गेल्या, राल्फ हवेत गेला आणि पुन्हा पाण्यावर फळ्यांवरच उतरला. त्याच दिवशी, त्याच मंचावर, तोच माणूस. मध्ये बदलली ती एकच गोष्ट. आज चरबी लागत नाही. रॅम्पचा पृष्ठभाग गुळगुळीत केलेला असतो आणि त्यावर सतत पाणी सोडून तो ओला ठेवतात. पण कारण तेच आहे.

उतरण्याचे तंत्र याहून नाजूक. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. काठावरून नीट उडी घेतली तर पाणी मऊ, आणि तीच उडी चुकून पोटावर पडलो तर पाणी दगडासारखे. वॉटर स्कीवरच्या माणसाला पाण्यात शिरावयाचे नसते, पाण्यावरच राहावयाचे असते. तेव्हा त्याला हा दणका घेणे भागच आहे. प्रश्न एवढाच की तो किती वेळात जिरवायचा. साधा हिशेब करून पाहू. खेळाडू पाण्यापासून २ मीटर उंचीवरून खाली आला, तर टेकताना त्याचा खालच्या दिशेचा वेग सेकंदाला सहा मीटरांहून थोडा अधिक, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. गुडघे ताठ ठेवून हा वेग १० सेंटिमीटरांत थांबवला, तर ढोबळ मानाने वजनाच्या वीसपट भार अंगावर येतो. गुडघे आणि कंबर हळूहळू वाकवून तोच वेग ४० सेंटिमीटरांत जिरवला, तर भार पाच-सहा पटींवर येतो. उंची तीच, पाणी तेच, माणूसही तोच. फक्त गुडघ्यांनी दणक्याला अंतर दिले.

मात्र गुडघे वाकवायचे ते उतरताना. रॅम्पवर असताना ते सैल सोडले, तर वेगाच्या दाबाने माणूस रॅम्पवरच खाली बसतो आणि वरच्या टोकावरून मागे कलंडतो. म्हणून रॅम्पवर गुडघे थोडे वाकलेले पण घट्ट, भार तळव्यांच्या मध्यावर, फळ्या एकमेकींना समांतर. नजर समोर, दूर काठावर. नजरेचे हे कलम फार महत्त्वाचे. भ्यालेला खेळाडू हवेत असताना खाली, आपल्या फळ्यांकडे पाहतो. मान खाली गेली की खांदे जातात, खांद्यांमागून धड जाते आणि फळ्यांची टोके पाण्यात घुसतात. दोरीचेही तसेच आहे. घाबरलेला माणूस आधार म्हणून मूठ छातीकडे ओढतो किंवा हात पुढे लांबवतो. हवेत असताना दोरी जरा सैल पडलेली असते. पाण्यावर टेकताच बोट ती ताणते आणि लांबवलेले हात पुढे खेचले जाऊन माणूस तोंडावर पडतो. मूठ खाली, कमरेजवळ धरली, तर तोच हिसका पायांवर येतो आणि उलट तोल सावरायला मदत होते.

येथे एक लक्षात येईल. पडण्याची ही सारी कारणे भीतीतून येतात, आणि भीती पडण्यातून येते. हे चक्र तोडायचे कसे? केवळ भिऊ नकोस असे सांगून ते तुटत नाही. चांगले शिक्षक म्हणून भीतीशी वाद घालीत बसत नाहीत. ते कामाचे तुकडे पाडतात. प्रथम रॅम्पशिवाय, नुसती बोटीमागची लाट ओलांडताना उतरण्याची बैठक गिरवायची. मग रॅम्प सर्वांत कमी उंचीवर ठेवून, कमी वेगात, बाजूने झेप न घेता सरळ जायचे. दूर जाण्याचा विचार मनातही आणायचा नाही, फक्त उभे राहून पुढे निघायचे. हे पुन:पुन्हा जमू लागले की मग वेग, मग उंची, आणि शेवटी बोटीच्या एका बाजूकडून दुसरीकडे तिरपे कापत जाऊन वेग वाढवण्याची कला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पडलो, तर कशामुळे पडलो ते कळत नाही. आणि न कळलेले पडणे हेच भीतीचे खरे खाद्य आहे. राल्फला हे कोणी शिकवले नव्हते. पण पिंपाच्या पट्ट्यांपासून चरबी लावलेल्या मंचापर्यंत तो याच वाटेने गेला.

त्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्याने आणखी एक साहस केले. पहिल्या महायुद्धाच्या काळातले कर्टिस बनावटीचे एक विमान होते, पाण्यावर उतरणारे. त्याच्यामागे दोरी बांधून राल्फ सरोवरावरून गेला. वेग ताशी ८० मैलांच्या घरात. कोठे बेनची १५-२० मैलांची बोट आणि कोठे हे! वेगाने स्कीइंग करण्याचा हा पहिला प्रयोग मानतात. पण मला त्या ८० मैलांपेक्षा मधल्या तीन वर्षांचे मोल अधिक वाटते. ती नसती, तर हे साहस नव्हे, आत्मघात ठरला असता.

राल्फ आता प्रदर्शने करू लागला. प्रथम गावात, मग आसपास, पुढे मिशिगनपासून फ्लोरिडापर्यंत. सुमारे पंधरा वर्षे त्याने अशी प्रदर्शने केली आणि लोकांना हा खेळ शिकवला. गावातल्या प्रदर्शनांचे तिकीट असे, पण तो पैसा गावाच्या उपयोगी पडला. राल्फने त्यातून स्वतःसाठी काही घेतले नाही. आपल्या फळ्यांचे पेटंट घेण्याचेही त्याच्या मनात आले नाही. इकडे न्यूयॉर्क राज्यातील हंटिंग्टन येथे फ्रेड वॉलर नावाच्या गृहस्थांनी स्वतंत्रपणे महोगनी लाकडाच्या वॉटर स्की तयार केल्या आणि २७ ऑक्टोबर १९२५ रोजी त्यांचे रीतसर पेटंट मिळवले. हे वॉलर मोठे कल्पक गृहस्थ होते. तीन प्रक्षेपकांनी भव्य पडद्यावर चित्रपट दाखवणारी सिनेरामा ही पद्धती पुढे त्यांनीच काढली. त्यांनी राल्फचे काही चोरले असे मुळीच नाही. पण कागद त्यांच्याजवळ होता, आणि इतिहास बहुधा कागद पाहून लिहिला जातो. राल्फची उडी वॉलर यांच्या पेटंटच्या तीन महिने आधीची आणि त्याचे पहिले उभे राहणे तीन वर्षे आधीचे, हे बाहेरच्या जगाला ठाऊकच नव्हते.

राल्फचे स्कीइंग थांबले ते दैवाच्या विचित्र खेळीने. पाण्यावर शेकडो वेळा पडूनही ज्याला काही झाले नाही, त्या माणसाच्या पाठीला एका बांधकामावर काम करताना जबर दुखापत झाली. पुढे मिनेसोटात परतून त्याने टर्की पक्षी पाळण्याचा व्यवसाय धरला. आपण एके काळी काय केले ते सांगत फिरण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

खेळ मात्र वाढत होता. १९३९ मध्ये अमेरिकेत वॉटर स्कीइंगची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि त्याच उन्हाळ्यात लाँग आयलंडवरील जोन्स बीच येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. फ्लोरिडातील सायप्रस गार्डन्सच्या स्की-प्रदर्शनांनी हा खेळ चित्रपटांतून जगभर नेला. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. उड्या लांबत गेल्या. आज पुरुषांच्या स्पर्धेत बोट ताशी ५७ किलोमीटरपर्यंत वेगाने जाते आणि विक्रमी उड्या ७५ मीटरांच्या पलीकडे गेल्या आहेत. हजारो लोक रॅम्पवरून उडत होते, आणि पहिला रॅम्प ज्याने केला तो आपल्या शेतावर टर्कींना दाणे घालीत होता.

१९६३ मध्ये सेंट पॉल शहरातील एका वृत्तपत्राच्या वार्ताहर बाई लेक सिटीला आल्या. तेथील किनाऱ्यावरच्या स्नानगृहाच्या इमारतीत त्यांना एक जुनी, ओबडधोबड फळ्यांची जोडी टांगलेली दिसली. त्यांनी चौकशी केली, राल्फला गाठले आणि त्याची हकिकत छापली. जुन्या बातम्या, छायाचित्रे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणी गोळा झाल्या. अखेर १९६६ मध्ये अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने रीतसर मान्य केले की नोंद असलेला पहिला वॉटर स्कीअर राल्फ सॅम्युएल्सन हाच. पहिल्यांदा उभे राहण्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. १९७२ मध्ये लेक सिटीत या खेळाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला. योगायोग असा की त्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये वॉटर स्कीइंग प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवले गेले. ऑगस्ट १९७७ मध्ये राल्फचे निधन झाले. लेक सिटी आज स्वतःला वॉटर स्कीइंगचे जन्मस्थान म्हणवून घेते आणि दर उन्हाळ्यात त्याचा उत्सव करते.

या चरित्रातून दोन गोष्टी मला विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्याशा वाटतात. पहिली, आत्मविश्वास ही आधी कमावून मग पाण्यात उतरण्याची वस्तू नाही. २८ जूनला राल्फजवळ तो असेल तर तो केवळ तरुणपणाचा होता. खरा विश्वास आला तो २ जुलैला, फळ्यांची टोके वर धरायची हे कळल्यावर. ८ जुलै १९२५ ला तो आला चरबीच्या डब्यातून. परीक्षेत एखाद्या विषयात पुन:पुन्हा मार खाणारा विद्यार्थी माझ्यासारख्या शिक्षकाकडे येतो, तेव्हा त्याला मनोधैर्याचे व्याख्यान देण्याचा मोह होतो. त्यापेक्षा त्याची उत्तरपत्रिका समोर घेऊन, तो नेमका कोठे अडकला ते शोधणे अधिक उपयोगी पडते. लाकूड कोरडे असेल तर धीर देऊन ते ओले होत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. राल्फने पैसा मागितला नाही, मान मागितला नाही, हे थोरपण खरेच. पण त्याचे श्रेय परत मिळाले ते काही थोरपणामुळे नव्हे. कोणीतरी त्या फळ्या फेकून न देता भिंतीवर टांगून ठेवल्या, आणि चाळीस वर्षांनी कोणीतरी मान वर करून या कोणाच्या असे विचारले, म्हणून ते मिळाले. आपल्या गावांतही अशा कितीतरी वस्तू माळ्यांवर आणि तालमींच्या भिंतींवर धूळ खात असतील. त्या कोणाच्या, असे विचारायला फारसे काही लागत नाही. राल्फच्या त्या फळ्या पुढे वॉटर स्कीच्या संग्रहालयात जतन झाल्या. आईच्या भांड्यात उकळून वर वाकवलेल्या त्यांच्या टोकांपासूनच सारे सुरू झाले होते.